लाइपझिगची प्रयोगशाळा आणि मानसशास्त्राच्या शाखा : एका रूढ मांडणीची समीक्षा

प्रस्तावना

मानसशास्त्राच्या पदवी वर्गासाठी लिहिलेले कोणतेही पाठ्यपुस्तक उघडावे, पहिल्या प्रकरणाची घडण बहुधा सारखीच आढळते. आरंभी ‘सायकी’ आणि ‘लोगॉस’ या ग्रीक शब्दांची व्युत्पत्ती येते. त्यानंतर आत्म्याचे शास्त्र, मनाचे शास्त्र, बोधावस्थेचे शास्त्र आणि अखेरीस वर्तनाचे शास्त्र अशा व्याख्या पायरीपायरीने येतात. मग १८७९ साली जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठात विल्हेल्म वुंट यांनी पहिली मानसशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन केली व मानसशास्त्र तत्त्वज्ञानापासून विभक्त होऊन स्वतंत्र विज्ञान बनले, हे विधान येते. रचनावाद, कार्यवाद, वर्तनवाद, समष्टिवाद आणि मनोविश्लेषण या संप्रदायांची ओळख आटोपली की शाखांची यादी सुरू होते: सामान्य, प्रायोगिक, विकासात्मक, सामाजिक, शैक्षणिक, चिकित्सा, समुपदेशन, औद्योगिक इत्यादी. ‘मानसशास्त्राच्या प्रमुख शाखा स्पष्ट करा’ हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो आणि विद्यार्थी ती यादी लिहून मोकळा होतो.

या मांडणीत तपशिलाच्या चुका फारशा नाहीत. दोष आहे तो तपशिलांच्या जोडणीत. लाइपझिगची प्रयोगशाळा हे खोड आणि बाकीच्या शाखा त्या खोडाला यथाकाल फुटलेल्या फांद्या, असे चित्र विद्यार्थ्याच्या मनात तयार होते. ‘शाखा’ हा शब्दच ते तयार करतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हे चित्र इतिहासाला धरून नाही. ज्यांना आपण शाखा म्हणतो त्यांतील बहुतेकांचा उगम प्रयोगशाळेबाहेर, म्हणजे रुग्णालयात, शाळेत, सैन्यभरतीच्या छावणीत आणि गिरणीत झाला आणि प्रयोगशाळेशी त्यांचे नाते मागाहून जोडले गेले. हा केवळ इतिहासाच्या काटेकोरपणाचा प्रश्न नव्हे. आपल्या महाविद्यालयांत प्रात्यक्षिके कशी होतात आणि भारतीय संदर्भ अभ्यासक्रमात कोठे बसवला जातो, याच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे.

१८७९ या सनाविषयी

शास्त्राला जन्मतारीख असावी ही अपेक्षा मुळातच विचित्र आहे. तरी या सनाचा आशय पाहणे उद्बोधक ठरते. वुंट १८७५ मध्ये लाइपझिगला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून आले. उपकरणे ठेवण्यासाठी व वर्गात प्रयोग दाखविण्यासाठी त्यांना विद्यापीठाकडून एक खोली मिळाली होती. १८७९ मध्ये कोणताही उद्घाटन समारंभ झाला नाही. त्या सुमारास मॅक्स फ्रीडरिश यांच्यासारखे विद्यार्थी तेथे स्वतंत्र संशोधन करू लागले, एवढेच घडले. फ्रीडरिश यांचा प्रबंध १८८१ मध्ये पूर्ण झाला आणि त्याच वर्षी वुंट यांनी स्वतःचे नियतकालिक सुरू केले. विद्यापीठाने प्रयोगशाळेला अधिकृत मान्यता दिली ती १८८३ मध्ये. अमेरिकेत विल्यम जेम्स यांनीही हार्वर्ड येथे १८७५ मध्येच प्रयोग दाखविण्यासाठी एक लहानशी जागा मिळवली होती.

मानसिक घटना मोजता येतात, ही कल्पना तर याहून जुनी. गणित लागू होत नाही म्हणून मनाचे शास्त्र खऱ्या अर्थाने निसर्गविज्ञान होऊ शकणार नाही, असे कांट यांनी १७८६ मध्ये म्हटले होते. त्या आक्षेपाला उत्तर देण्याचे काम तत्त्वज्ञांनी केले नाही, शरीरशास्त्रज्ञांनी व भौतिकीच्या अभ्यासकांनी केले. हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये मज्जातंतूतून वाहणाऱ्या आवेगाचा वेग मोजला आणि तो सेकंदाला सुमारे २७ मीटर, म्हणजे अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी निघाला. फेक्नर यांचा मनोभौतिकीवरील ग्रंथ १८६० चा. साध्या प्रतिक्रियेला लागणारा वेळ निवडीच्या प्रतिक्रियेला लागणाऱ्या वेळेतून वजा केला तर निवड करण्याच्या मानसिक क्रियेला किती वेळ लागतो ते कळेल, ही युक्ती डच शरीरशास्त्रज्ञ डोंडर्स यांनी १८६८ मध्ये मांडली. वुंट यांचे श्रेय या शोधांत नाही. विद्यार्थी, उपकरणे, नियतकालिक आणि पदवी यांची सांगड घालून त्यांनी एक संस्था उभी केली व ती पुढच्या पिढीच्या हाती दिली, हे त्यांचे श्रेय. ते लहान नाही.

अर्धा वुंट

पाठ्यपुस्तकातील वुंट अंतर्निरीक्षणवादी असतात आणि रचनावादाचे जनक असतात. ही दोन्ही विधाने तपासून पाहण्यासारखी आहेत. लाइपझिगच्या प्रयोगांत प्रयुक्ताकडून मनातील अनुभवांचे लांबलचक वर्णन मागितले जात नसे. दोन प्रकाशांतील अधिक तेजस्वी कोणता, दोन ध्वनींमधील अंतर समान आहे की नाही, असे नेमके निर्णय मागितले जात आणि वेळ उपकरणाने मोजला जाई. प्रयुक्ताला प्रश्न विचारून त्याच्या विचारप्रक्रियेचे वर्णन मिळविण्याची पद्धत व्ह्यूर्त्सबुर्ग येथे रुजू लागली, तेव्हा १९०७ मध्ये वुंट यांनीच तिच्यावर कठोर टीका केली. लांब वर्णनांचे अंतर्निरीक्षण आणि ‘रचनावाद’ ही प्रामुख्याने त्यांचे शिष्य टिचनर यांची देणगी. लाइपझिगहून १८९२ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेलेल्या टिचनर यांनी गुरूच्या विचारातून आपल्याला हवा तेवढाच भाग उचलला.

जो भाग त्यांनी उचलला नाही तो आकारानेही मोठा आहे. भाषा, मिथक, रूढी यांसारख्या गोष्टी एकट्या व्यक्तीच्या मनात जन्मत नाहीत, त्या समूहजीवनातून घडतात. म्हणून उच्च मानसिक प्रक्रियांचा अभ्यास प्रयोगशाळेत पूर्ण होणार नाही, त्यासाठी भाषेचा व संस्कृतीचा इतिहास पाहावा लागेल, अशी वुंट यांची धारणा होती. या विचाराला त्यांनी आयुष्याची शेवटची वीस वर्षे दिली. १९०० ते १९२० या काळात ‘फोल्करसायकॉलॉजी’ या नावाने त्यांचे दहा खंड प्रसिद्ध झाले. याला मराठीत ‘लोकमानसशास्त्र’ म्हणता येईल. आपल्या पहिल्या प्रकरणात या दहा खंडांना बहुधा एक वाक्यही मिळत नाही.

हे असे का झाले, याचे उत्तर मानसशास्त्राच्या इतिहासलेखनात सापडते. टिचनर यांचे शिष्य एडविन बोरिंग यांचा प्रायोगिक मानसशास्त्राचा इतिहास १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला, १९५० मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली आणि पुढील कित्येक दशके इंग्रजी पाठ्यपुस्तकांनी त्यालाच प्रमाण मानले. आपली पुस्तके बहुतांशी त्या पाठ्यपुस्तकांवर बेतलेली. बोरिंग यांनी हा ग्रंथ लिहिला त्या दशकात अमेरिकेत चाचण्या, जाहिरात, कर्मचारी निवड अशा उपयोजनांकडे मानसशास्त्राचा ओढा वाढत होता व प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना आपले स्थान डळमळीत झाल्यासारखे वाटत होते. प्रयोगशाळा हेच शास्त्राचे कूळ आहे, हे ठसविण्यासाठी बोरिंग यांनी इतिहासाचा उपयोग केला, असे जॉन ओडॉनेल यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले. त्याआधी १९७५ मध्ये आर्थर ब्लूमेंथाल यांनी वुंट यांच्या मूळ जर्मन लेखनाच्या आधारे त्यांचे प्रचलित चित्र चुकीचे असल्याचे मांडले होते. म्हणजे जो वंशवृक्ष आपण निर्विकार माहिती म्हणून शिकवतो, तो एका विशिष्ट व्यावसायिक वादात एका पक्षाने काढलेला आहे. बोरिंग यांचा ग्रंथ आजही वाचनीय आहे, त्यातील शरीरशास्त्रीय पूर्वपीठिकेची प्रकरणे तर उत्कृष्टच आहेत. पण वकिलाचे निवेदन आणि न्यायालयाचा निकाल यांतील फरक वाचकाने विसरू नये.

तीन जागा, तीन प्रकारचे प्रयुक्त

या प्रश्नाला सर्वांत फलदायी वळण दिले ते कुर्ट डँझिगर यांनी. त्यांच्या १९९० च्या ग्रंथात त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: संशोधनात ज्याचा अभ्यास होतो तो माणूस आणि अभ्यास करणारा माणूस यांचे परस्परांशी नाते काय होते? लाइपझिगमध्ये हे दोघे सहकारी होते. आज प्रयोगकर्ता असलेला विद्यार्थी उद्या प्रयुक्त होई. स्वतः वुंटही विद्यार्थ्यांच्या प्रयोगांत प्रयुक्त म्हणून बसत. अहवालात प्रयुक्तांचा नावानिशी उल्लेख असे, कारण निरीक्षण करणारा अनुभवी जाणकार तोच होता.

त्याच काळात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांच्या भोवती मानसशास्त्राचा दुसराच व्यवहार आकाराला येत होता. तेथे अभ्यासविषय होता रुग्ण, विशेषतः उन्मादग्रस्त स्त्री; आणि अभ्यासक होता डॉक्टर. भूमिका बदलण्याचा प्रश्नच नव्हता. १८८५-८६ च्या हिवाळ्यात सिग्मंड फ्रॉइड तेथेच काही महिने शिकले. मनोविश्लेषण व चिकित्सा मानसशास्त्राचा मोठा भाग या रुग्णशय्येपासून निघतो, लाइपझिगपासून नव्हे.

तिसरी जागा लंडन. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८४ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य प्रदर्शनात मानवमापनाची प्रयोगशाळा मांडली. तीन पेन्स भरायचे, मुठीची ताकद, नजर, श्रवण, प्रतिक्रियेचा वेग मोजून घ्यायचा आणि आकड्यांचे कार्ड घेऊन घरी जायचे. नऊ हजारांहून अधिक लोकांनी हे केले. येथे ना सहकारी होता ना रुग्ण. होते ते संख्येने मोठे, अनोळखी लोक, आणि त्यांच्यातील फरक हाच अभ्यासाचा विषय. लाइपझिगला व्यक्तींमधील फरक ही अडचण वाटे, गाल्टन यांना तेच धन वाटले. याच गाल्टन यांनी ‘युजेनिक्स’ म्हणजे सुप्रजननशास्त्र हा शब्द १८८३ मध्ये घडवला होता, हे मानसमापन शिकवताना आपण सहसा सांगत नाही. सांगायला हवे.

आता शाखांकडे पाहिले तर त्यांचे मूळ दिसू लागते. फ्रान्समध्ये सक्तीच्या शिक्षणामुळे सर्व थरांतील मुले शाळेत आली, मागे पडणाऱ्या मुलांचे काय करावे हा प्रश्न निर्माण झाला, त्यासाठी १९०४ मध्ये शासकीय आयोग नेमला गेला आणि १९०५ मध्ये बिने व सिमाँ यांची ३० प्रश्नांची श्रेणी तयार झाली. वुंट यांचे शिष्य असूनही गाल्टन यांच्या प्रभावाखाली आलेल्या कॅटेल यांनी १८९० मध्ये ‘मानसिक चाचणी’ हा शब्दप्रयोग रूढ केला. पण त्यांच्या वेदन व प्रतिक्रिया कालाच्या चाचण्यांचा महाविद्यालयीन गुणांशी काही संबंध नसल्याचे विस्लर यांनी १९०१ मध्ये दाखविले. यशस्वी झाली ती प्रयोगशाळेतून निघालेली चाचणी नव्हे, शाळेच्या गरजेतून निघालेली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने सुमारे १७ लाख भरती सैनिकांना आल्फा व बीटा या सामूहिक चाचण्या दिल्या आणि मानसमापन हा व्यवसाय झाला. बालविकासाच्या शाखेचे एक मूळही येथेच सापडते. पॅरिसमध्ये चाचण्यांच्या प्रमाणीकरणाचे काम करणाऱ्या तरुण झाँ पियाजे यांचे लक्ष मुलांच्या बरोबर उत्तरांपेक्षा चुकीच्या उत्तरांनी वेधले आणि त्यांना आयुष्यभराचा विषय मिळाला.

चिकित्सा मानसशास्त्राचे पहिले केंद्र लाइटनर विटमर यांनी १८९६ मध्ये पेनसिल्वानिया विद्यापीठात काढले. विटमर लाइपझिगला शिकलेले होते हे खरे. परंतु त्यांच्यासमोर आलेला पहिला प्रश्न शुद्धलेखन न जमणाऱ्या एका मुलाचा होता व तो एका शिक्षिकेने आणला होता. औद्योगिक शाखेचे प्रवर्तक म्युन्स्टरबर्ग हेही वुंट यांचे शिष्यच. शिष्यत्वाची साखळी आहे. विषय, पद्धती व उद्दिष्टे मात्र त्या साखळीतून आलेली नाहीत. खोडाची उपमा खरोखर लागू पडते ती बोधनिक मानसशास्त्राला. डोंडर्स यांची वजाबाकी आणि लाइपझिगचा प्रतिक्रिया काल वर्तनवादाच्या काळात बाजूला पडून १९५० नंतर संगणकाच्या सोबतीने परतला, आणि नाइसर यांच्या १९६७ च्या ग्रंथाने त्या क्षेत्राला नाव स्थिर करून दिले.

भारतातील उगमाची गोष्ट

भारतीय प्रकरणातही हीच एकेरी मांडणी पुन्हा दिसते. कलकत्ता विद्यापीठासाठी ब्रजेंद्रनाथ सील यांनी १९०५ मध्ये प्रायोगिक मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमाचा आराखडा केला, १९१६ मध्ये नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या नेतृत्वाखाली विभाग सुरू झाला. सेनगुप्त हार्वर्डला म्युन्स्टरबर्ग यांच्याकडे शिकलेले. म्हणजे लाइपझिग, हार्वर्ड, कलकत्ता अशी सरळ रेषा. रेषा खोटी नाही, अपुरी आहे. त्याच शहरात गिरींद्रशेखर बोस या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांच्या अनुभवातून दमनाची उपपत्ती मांडली, १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली आणि भारतीय रुग्णांच्या बाबतीत आपले निष्कर्ष का वेगळे आहेत हे फ्रॉइड यांना पत्रांतून कळवले. धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या श्रेणीचे मराठी व कन्नड भाषिक मुलांसाठी रूपांतर केले. त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. नागपुरात आर्थर मॅलिन यांनी १९६९ च्या सुमारास वेक्सलर यांच्या बालबुद्धिमापन श्रेणीचे भारतीय रूप तयार केले. अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये स्वयंचलित मागांवर काम करणाऱ्या कामगारांची गटरचना बदलून पाहिली. त्यावरील त्यांचा १९५८ चा ग्रंथ औद्योगिक मानसशास्त्रात जगभर वाचला गेला. बंगळूरची अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था १९५४ ची. पुणे विद्यापीठातील विभाग १९५० मध्ये सुरू झाला तो प्रायोगिक मानसशास्त्राचा म्हणून. मुंबईचा १९५९ चा विभाग नावानेच उपयोजित मानसशास्त्राचा. एकाच राज्यातील दोन विभागांच्या नावांत शास्त्राचे दोन उगम शेजारी उभे आहेत, याकडे आपल्यापैकी कितीजणांचे लक्ष गेले असेल?

एक उदाहरण मात्र थोडे विस्ताराने सांगावेसे वाटते. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रलयंकारी भूकंप झाला. धक्का जाणवला परंतु प्रत्यक्ष हानी झाली नाही अशा भागांतही याहून भयंकर संकट येणार असल्याच्या अफवा पसरल्या. जमुना प्रसाद यांनी त्या अफवा गोळा करून त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे लिऑन फेस्टिंजर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाला कोडे पडले: सुरक्षित असलेली माणसे स्वतःला अधिक घाबरवणाऱ्या अफवा का पसरवतात? या अफवा भीती निर्माण करीत नसून आधीच वाटत असलेल्या भीतीचे समर्थन करीत असाव्यात, या विचारातून त्यांची बोधनिक विसंगतीची उपपत्ती वाढली आणि १९५७ च्या ग्रंथात त्यांनी हा ऋणनिर्देश केला. दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगच्या दरडग्रस्तांचा केलेला अभ्यासही त्या चर्चेत आला. जेथे हानी प्रत्यक्ष डोळ्यांपुढे होती तेथे तशा अफवा आढळल्या नव्हत्या. आपले विद्यार्थी बोधनिक विसंगती शिकतात ती कंटाळवाण्या कामासाठी एक किंवा वीस डॉलर मिळालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या प्रयोगातून. बिहारचा भूकंप त्यांच्या पुस्तकात नसतो.

याचे कारण पुन्हा त्या पहिल्या प्रकरणात आहे. शास्त्र प्रयोगशाळेत जन्मते व अन्यत्र केवळ ‘लागू’ होते असे मानले की भारत हा लागू करण्याचा प्रदेश ठरतो. जोसेफ हेन्रिक व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले की मानसशास्त्रीय संशोधनातील ९६ टक्के नमुने जगाच्या १२ टक्के लोकसंख्या असलेल्या देशांतून आलेले होते. लेखाने खळबळ उडाली. वुंट यांच्या दहा खंडांचा विसर पडला नसता तर एवढी उडाली नसती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर भारतीय ज्ञान प्रणालीचा समावेश अभ्यासक्रमात होत आहे, ही संधी आहे. पण पंचकोश व त्रिगुण यांचे एक घटकप्रकरण लाइपझिगच्या आधी चिकटवून पुढचे सर्व जसेच्या तसे ठेवणे म्हणजे खोडाला नवे मूळ रंगवणे होय. उपनिषदांतील विचार गंभीर आहे म्हणूनच त्याला ‘प्राचीन पार्श्वभूमी’ या चार ओळींच्या चौकटीत बसवू नये.

प्रात्यक्षिकाच्या वहीतील वुंट

या साऱ्याचा प्रत्यय प्रात्यक्षिकाच्या तासाला येतो. दोन विद्यार्थी समोरासमोर बसतात, एक प्रयोगकर्ता व एक प्रयुक्त. पुढील तासाला भूमिका बदलतात. नकळत आपण लाइपझिगची रीत पाळत असतो, पण तिचा अर्थ हरवलेला असतो. प्रयुक्त हा जाणकार निरीक्षक आहे असे कोणी मानत नाही. वहीच्या शेवटी ‘प्रयुक्ताचे अंतर्निरीक्षण’ हे सदर असते. ते खरे म्हणजे टिचनर यांच्या परंपरेतले. तपासणीसाठी आलेल्या वह्यांत तेथे वर्षानुवर्षे तीच दोन वाक्ये वाचायला मिळतात: प्रयोग मनोरंजक होता, सुरुवातीला अवघड वाटले पण नंतर सोपे गेले. ज्येष्ठांच्या वहीतून ती उतरवलेली असतात, आणि आम्ही शिक्षक त्याखाली सही करतो.

निरर्थक शब्दावयवांच्या प्रयोगाचे उदाहरण घ्यावे. एबिंगहाउस यांनी १८८५ च्या स्मृतीवरील ग्रंथासाठी व्यंजन, स्वर, व्यंजन अशी अवयवरचना वापरली ती शब्दांना आधीचे अर्थ चिकटलेले नसावेत म्हणून. देवनागरीत हे जमवणे अवघड. असा अवयव मराठीत लिहिला की तो दोन अक्षरांचा होतो आणि दोन अक्षरी जुळण्यांपैकी कितीतरी अर्थपूर्ण निघतात; ‘मन’, ‘घर’, ‘बस’, ‘कप’ हे सारे त्याच साच्यातले. जे अर्थपूर्ण नाहीत ते कोणाच्या तरी आडनावाशी, गावाशी किंवा बोलीतील शब्दाशी जुळतात. म्हणून पुष्कळ ठिकाणी रोमन लिपीतील तयार यादीच वापरली जाते, आणि मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला स्मरणाआधी वाचनाचीच परीक्षा द्यावी लागते. त्याचे गुण कमी आले तर विश्लेषणात ‘स्मरणक्षमता सरासरीपेक्षा कमी’ असे लिहिले जाते.

गेल्या काही वर्षांत मी या सदरासाठी पूर्ण पान सोडायला सांगतो आणि ‘मनोरंजक’ हा शब्द वापरण्यास बंदी घालतो. पहिल्या वर्षी बहुतेक पाने कोरीच राहिली. त्यानंतर एका विद्यार्थिनीने लिहिले की यादीतील सातवा अवयव तिला प्रत्येक फेरीत आठवला, कारण तिच्या गावाकडे बैलाला वळवताना तसाच आवाज काढतात. आणि आठवा दरवेळी निसटला, कारण सातव्यापाशी ती शेतात पोहोचलेली असे. त्या वर्षी मी तिच्याकडून ती यादी पुन्हा करून घेतली. नव्या यादीतील अवयव वर्गाने मिळून तपासले, प्रत्येकाने आपापल्या बोलीत त्याला काही अर्थ आहे का ते सांगितले, आणि चाळीस अवयवांपैकी अखेर अकराच उरले.